मागून येणाऱ्याचं काम

लंडनमध्ये रीजंट्स पार्कच्या कडेने जाणाऱ्या कालव्यावर मॅकल्सफील्ड ब्रिज नावाचा पूल आहे. त्याच्या ओतीव लोखंडी खांबांवरून हात फिरवला तर खाचा लागतात, बोटं सहज आत बसतील एवढ्या खोल. त्या दोरांनी पाडलेल्या आहेत. हा रीजंट्स कॅनॉल १८२० मध्ये पूर्ण खुला झाला तेव्हा बोटींना इंजिनं नव्हती. काठाच्या वाटेवरून घोडा चालायचा आणि लांब दोराने मागची बोट ओढायचा. वाळू-चिखलाने माखलेला तो ओला दोर वर्षानुवर्षं खांबांना घासत राहिला आणि लोखंड झिजलं. पुढे १८७४ मध्ये बंदुकीची दारू घेऊन निघालेल्या एका बोटीचा याच पुलाखाली स्फोट झाला आणि पूल कोसळला. पुन्हा बांधताना खांब तेच वापरले, पण फिरवून बसवले. म्हणून खाचा आता खांबांच्या दोन्ही अंगांना दिसतात.

या वाटेची रुंदी ठरली ती घोड्याच्या चालीवरून. ओझं ओढणारा घोडा माणसापेक्षाही सावकाश चालतो, त्याला एका वेळी एक जाईल एवढी वाट पुरे. पुलाखाली तर वाट आणखी आक्रसते, कारण कमान जितकी रुंद तितका बांधकामाचा खर्च जास्त. आज त्याच वाटेवरून ऑफिस गाठायला निघालेले सायकलस्वार जातात, पळायला आलेले जातात, बाबागाड्या जातात, कुत्री जातात आणि मुलाकडे सहा महिन्यांसाठी राहायला आलेले आपल्याकडचे आई-वडीलही संध्याकाळी गप्पा मारत जोडीने फिरतात. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पाणी आणि बऱ्याच ठिकाणी मध्ये कठडा नाही. बाजूला व्हायचं म्हटलं तरी होणार कुठे?

चालणारे आणि सायकलवाले एकाच वाटेवर आले की काय होतं, हे समजून घ्यायला यासारखी जागा नाही. तिथे वेगवेगळ्या वेगांची माणसं एकमेकांच्या इतकी जवळ येतात की कोण कधी कोणाला कळतं यावरच सगळं अवलंबून राहतं. चालणाऱ्याला मागे डोळे नसतात. सायकलला आवाज नसतो. या दोन गोष्टींमुळे पहिली जबाबदारी मागून येणाऱ्यावर पडते, आणि मागून येणारा बहुतेक वेळा सायकलवरच असतो.

थोडा हिशेब करून पाहू. रमतगमत जाणारी सायकल ताशी १८ किलोमीटरने जाते असं धरलं, तर ती सेकंदाला ५ मीटर कापते. चालणारा माणूस ताशी ५ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला जेमतेम दीड मीटर. दोघं एकाच दिशेने जात असतील तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला साधारण साडेतीन मीटरने कमी होतं. सायकलवाल्याने १० मीटरवरून घंटी वाजवली, तर चालणाऱ्याच्या हातात तीन सेकंदही नसतात. तेवढ्यात त्याला आवाज ऐकायचा असतो, तो आपल्यासाठी आहे हे ओळखायचं असतं, कुठल्या बाजूने आला हे ताडायचं असतं, सोबतच्या माणसाला खेचायचं असतं आणि मग पाय हलवायचे असतात. तरुण माणसाला हे जमेल. गुडघे दुखणाऱ्या बाईंना जमणार नाही, आणि हातात चार वर्षांचं मूल असलेल्या बापालाही नाही. तीच घंटी ३० मीटरवरून वाजली तर आठ सेकंद मिळतात. आठ सेकंदांत माणूस मागे वळून पाहतो, सोबतच्याशी चाललेलं वाक्य पुरं करतो आणि सावकाश कडेला होतो. घंटी तीच, माणूस तोच. २० मीटरच्या फरकाने एक दचकतो आणि दुसरा वाट देतो.

हिशेबाची दुसरी बाजू ब्रेकची. ताशी १८ च्या वेगात धोका दिसल्यापासून बोटं ब्रेकवर येईपर्यंत एक सेकंद गेला, तर सायकल ५ मीटर पुढे गेलेली असते. नंतर कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी ब्रेक लावून थांबायला आणखी चारेक मीटर लागतात. एकूण नऊ. वेग ताशी ३० केला तर हेच अंतर वीस मीटरच्या घरात जातं, आणि धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे जवळजवळ तिप्पट होते. ओल्या पाचोळ्यावर तर यातला कुठलाच आकडा धरून चालता येत नाही. म्हणून सामायिक वाटेवर ताशी ३० ने जाणारा सायकलस्वार कितीही कसलेला असो, कमानीपलीकडून अचानक आलेल्या मुलासाठी तो थांबूच शकत नाही. त्याचं कौशल्य तिथे उपयोगी पडत नाही.

इथे सायकलवाल्याचीही एक खरी अडचण आहे, ती चालणाऱ्यांना सहसा माहीत नसते. सायकल सावकाश गेली की डुलते. ताशी ११ किलोमीटरच्या खाली बहुतेकांना सरळ रेषेत जाण्यासाठी तोल सांभाळत राहावं लागतं, असं ब्रिटनमधल्या रस्तेरचनेच्या एका मार्गदर्शिकेत नोंदवलं आहे. म्हणजे अगदी तुमच्या पावलांच्या वेगाने मागे येणारी सायकल जास्त जागा खाते आणि जास्त वाकडीतिकडी जाते. मागे कोणी हँडल हलवत, एक पाय जमिनीकडे सोडून येत असेल, तर तो तुमच्यासाठीच सावकाश झालेला असतो. त्याला लवकर वाट मिळाली तर दोघांचंही भलं.

आणि या सौजन्याला वेळ किती लागतो? वीस मीटरच्या टप्प्यात वेग १८ वरून ८ वर आणला तर चार सेकंदांऐवजी नऊ सेकंद जातात. एका माणसाला नीट ओलांडायची किंमत पाच सेकंद. अर्ध्या तासाच्या प्रवासात असे दहा प्रसंग आले तरी एक मिनिट पुरं होत नाही. वेळ जातो ही सायकलस्वारांची तक्रार मी या आकड्यांपुढे ठेवून पाहिली आहे, आणि मला ती टिकलेली दिसत नाही. जे जातं ते मुख्यतः लयीत चालवण्याचं सुख. ते सुख मोठं आहे, मला ते मनापासून आवडतं, पण त्यासाठी दुसऱ्या वाटा आहेत.

आता घंटीबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण सगळी भांडणं तिच्यापासून सुरू होतात.

घंटी वाजवली तर ‘हा कोण आम्हाला बाजूला करणारा’ असं वाटतं. नाही वाजवली तर ‘वाजवायला काय झालं होतं’. दोन्ही तक्रारी एकाच वाटेवर, कधी एकाच माणसाकडून ऐकू येतात, आणि दोन्ही खऱ्या असतात. दोन पावलांवरून खणखणीत वाजवलेल्या घंटीचा अर्थ हुकूम असा होतो, कारण ऐकणाऱ्याला दुसरं काही करायला वेळच ठेवलेला नसतो. लांबून, हलक्या हाताने, एकदा आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा वाजवलेली घंटी ही नुसती खबर असते. ब्रिटनमध्ये कालव्यांचा कारभार जेव्हा ब्रिटिश वॉटरवेज या सरकारी संस्थेकडे होता, तेव्हा लंडनच्या कालवेकाठी ‘टू टिंग्ज’ नावाची मोहीम चालली होती: पुलापाशी आणि लोकांना ओलांडण्यापूर्वी दोनदा टिंग करा. २०१२ पासून हे कालवे कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट सांभाळतो. त्याच्या फलकांवर, वाट वाटून घ्या आणि वेग उतरवा, अशा अर्थाची सूचना असते. दोन टिंग मला विशेष आवडतात. पहिली लक्ष वेधते, दुसरी दिशा सांगते. दोन्हींमधल्या काळात आवाज वाढलेला असतो त्यावरून सायकल किती वेगाने येते आहे हेही कानाला कळतं.

तोंडाने बोलणं घंटीपेक्षा बरं का? जवळ आल्यावर नक्की बरं. पण काय बोलावं हे ठरवायला हवं. इंग्रजी मुलखात ‘ऑन युवर राइट’ म्हणायची पद्धत आहे, म्हणजे मी तुमच्या उजवीकडून जातो. ऐकणारा मात्र विचारात असला तर ‘उजवी’ एवढंच त्याच्या कानावर पडतं आणि तो उजवीकडेच सरकतो, नेमका चाकासमोर. मराठीत ‘उजवीकडून!’ असं ओरडलं तरी हेच होतं. त्यापेक्षा ‘मागून सायकल येतेय हं’, ‘काका, जरा येऊ द्या’, ‘सावकाश, मी थांबलोय’ अशी वाक्यं चांगली. त्यांत कोणाला कुठे हलायचं याचा हुकूम नाही, फक्त माहिती आहे. हलायचं कसं ते समोरचा स्वतःच्या सोयीने ठरवतो. आणखी एक साधन सायकललाच असतं: पेडल मारणं थांबवलं की मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलचा कटकट आवाज येतो. शांत वाटेवर तेवढ्याने माणसं वळून पाहतात, आणि आपण वेग कमी करतोय हेही त्यांना कळतं.

जपानमध्ये हीच घंटी उलट अर्थाने वाजते, आणि ते प्रकरण मुळातून पाहण्यासारखं आहे. १९७० हे जपानच्या रस्त्यांवरचं सगळ्यात वाईट वर्ष. त्या एका वर्षात रस्ते अपघातांत १६,७६५ माणसं मेली. मोटारी झपाट्याने वाढल्या होत्या आणि सायकलींसाठी वेगळी वाट बांधायला जागा नव्हती. तेव्हा सरकारने वाहतूक कायदा बदलून ठरावीक फुटपाथांवर सायकली चालवायला परवानगी दिली, आणि १९७८ मध्ये ती आणखी पक्की केली. तात्पुरती सोय म्हणून आलेली ही गोष्ट सवय होऊन बसली. पुढेमागे मुलांना बसवून, टोपलीत भाजी घेऊन फुटपाथवरून जाणारी आई हे जपानी शहरांचं नेहमीचं चित्र झालं.

पण कायद्याने फुटपाथ चालणाऱ्यांचाच ठेवला. सायकल तिथे पाहुणी. तिने फुटपाथच्या रस्त्याकडच्या बाजूने जायचं, लगेच थांबता येईल एवढ्याच वेगाने जायचं, आणि चालणाऱ्याला अडथळा होणार असेल तर थांबायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चालणाऱ्याला बाजूला करण्यासाठी घंटी वाजवायची नाही. धोका टाळण्यासाठी गरज पडली तरच घंटी; एरवी वाजवणं हा गुन्हा, त्याला २० हजार येनपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे तिथला सभ्य सायकलस्वार मागे येऊन गुपचूप सावकाश होतो, जागा होईपर्यंत थांबतो, फारच झालं तर ‘सुमिमासेन’ (माफ करा) म्हणतो. ब्रिटिश पद्धतीने मुद्दाम घंटी वाजवणारा सौजन्यशील माणूस टोकियोच्या फुटपाथवर उद्धट ठरेल, आणि गुपचूप मागे येणारा जपानी माणूस लंडनच्या कालवेकाठी लोकांना दचकवेल. म्हणजे सौजन्य घंटीत नाही. त्या त्या ठिकाणी लोक कशाची अपेक्षा करतात, त्याला धरून वागण्यात ते आहे.

जपानी पद्धत जमते त्याला वेगाचं कारण आहे. सायकल मागे येऊन थांबायला तयार असेल तरच घंटीशिवाय चालतं. सायकलस्वार घंटीही वाजवणार नाही आणि वेगही उतरवणार नाही, तर ते दोन्हीकडचं वाईट तेवढं उचलणं झालं. जपानमध्येही हे घडलंच. फुटपाथवरच्या धडकांच्या तक्रारी वाढल्या, आणि सरकार सायकलींना पुन्हा रस्त्यावर आणण्याकडे वळलं. आता फुटपाथवर सायकल चालवायला तसा फलक तरी हवा, नाहीतर चालवणारा १३ वर्षांखालचा किंवा ७० वर्षं पुरी झालेला तरी हवा. रस्ता खरोखरच धोक्याचा असेल तिथेही सूट मिळते. सायकलस्वारांना जागेवर दंडाची पावती देण्याची पद्धत १ एप्रिल २०२६ या तारखेपासून लागू करण्याचंही तिथे ठरलं.

जर्मनीने वेगाचाच नियम केला. तिथे काही पादचारी मार्गांवर ‘सायकलींना मुभा’ असा जोडफलक असतो. तो असेल तर सायकलने चालीच्या वेगानेच जायचं. पाळायला कठीण नियम आहे, वर सांगितलेल्या डुलण्यामुळे तर फारच. पण पाहुणा कोण आणि यजमान कोण हे त्यातून एका फटक्यात कळतं.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न सायकलीच्या जन्माइतका जुना आहे. कार्ल द्राइस यांनी १८१७ मध्ये जर्मनीतल्या मानहाइममध्ये पायाने रेटत चालवायची दोनचाकी काढली तेव्हा रस्त्यांवर घोडागाड्यांच्या चाकांनी इतके चर पडलेले होते की तोल सांभाळणंच अशक्य. स्वार साहजिकच सपाट फुटपाथांकडे वळले, आणि काही वर्षांत युरोपातल्या शहरांनी त्यांना तिथून हुसकावलं. इंग्लंडच्या १८३५ च्या हायवे अॅक्टने रस्त्याकडेच्या फुटपाथवरून गाडी नेणं गुन्हा ठरवलं, आणि १८८८ च्या एका कायद्याने सायकल ही गाडीच आहे असं जाहीर केलं. याच १८८८ च्या कायद्यात, रस्त्याने चाललेल्या माणसाला ओलांडण्यापूर्वी योग्य अंतरावरून घंटी, शिट्टी किंवा अशाच एखाद्या आवाजाने पुरेशी सूचना द्यावी अशी सक्ती होती. आधी, योग्य अंतरावरून, पुरेशी: या तीन शब्दांत सगळं आलं होतं. ती सक्ती पुढे रद्द झाली, पण आजही ब्रिटनमध्ये नवी सायकल विकताना तिला घंटी लावलेली असावी लागते.

१९६८ च्या कंट्रीसाइड अॅक्टने सायकलींना ग्रामीण भागातल्या घोडेस्वारांच्या वाटा खुल्या केल्या, आणि त्याच कलमात अट घातली: सायकलने चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला वाट द्यायची. हक्क आणि अट एकाच श्वासात. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. २९ जानेवारी २०२२ रोजी सुधारलेला हायवे कोड लागू झाला, त्यात हेच तत्त्व सगळ्या रस्त्यांना लावलं गेलं: जो जास्त इजा करू शकतो त्याच्यावर काळजीची जबाबदारी जास्त. ट्रकवाल्याची मोटारीपेक्षा, मोटारवाल्याची सायकलपेक्षा, सायकलवाल्याची चालणाऱ्यापेक्षा. सामायिक जागेत सावकाश व्हा, घंटीने किंवा नम्रपणे हाक मारून आपण आहोत हे कळवा, जवळून आणि वेगाने, त्यातही मागून, ओलांडू नका, असं त्यात सांगितलं आहे. मोटारवाल्याने आपल्याला कट मारून गेलेलं सायकलस्वाराला सोसत नाही. मोटारवाल्याकडून त्याला हवं असलेलं अंतर त्याने चालणाऱ्याला द्यावं, एवढीच ही मागणी.

त्याच नियमात एक वाक्य आहे ज्यावर थांबायला हवं: चालणारी व्यक्ती बहिरी किंवा अंध असू शकते हे लक्षात ठेवा. पांढरी काठी आपल्याला माहीत असते. ब्रिटनमध्ये पांढऱ्या काठीवर लाल पट्टे असतील तर त्या व्यक्तीला दिसायलाही अडचण आहे आणि ऐकायलाही. तिच्यामागे तुम्ही कितीही घंटी वाजवलीत तरी उपयोग नाही. ऐकू न येणाऱ्या माणसाची तर काठीही नसते. तो पाठमोरा तुमच्यासमोर चालत असतो आणि घंटीला दाद देत नाही. अशा वेळी सायकलस्वाराच्या मनात पहिला विचार येतो तो ‘मुद्दाम करतोय’ हा. तो विचार तिथेच सोडून द्यावा. दाद मिळाली नाही तर ऐकू आलेलं नाही असं धरून चालीच्या वेगाने जायचं, नाहीतर उतरून जायचं, एवढाच मार्ग उरतो.

अंध व्यक्तींसाठी तिथल्या वाटांच्या तोंडाशी फरशीतच खूण केलेली असते. वाट मधल्या पट्टीने दोन भागांत वाटलेली असेल तर चालणाऱ्यांच्या बाजूला उंचवट्याच्या रेषा आडव्या असतात, सायकलच्या बाजूला उभ्या, जाण्याच्या दिशेने. पायाला दोन्हींतला फरक कळतो. आडव्या रेषांवरून चाक गेलं की हँडल थडथडतं, म्हणून सायकलवाल्यालाही आपण चुकीच्या बाजूला आल्याचं हाताला कळतं. मधली पट्टीही किंचित उंच असते, काठीला लागेल एवढी. पण वाट वाटलेली नसेल, नुसती सामायिक असेल, तर अंध माणसाला कुठलीच बाजू आपली म्हणता येत नाही. म्हणूनच अंध व्यक्तींच्या संघटनांचा अशा वाटांना विरोध राहिला आहे, आणि तो समजून घ्यायला हवा.

आता चालणाऱ्यांकडे. त्यांचं काम सोपं आहे, पण आहे. अंदाज येईल असं चालावं. अचानक वळायचं असेल तर आधी मागे पाहावं. चौघांनी वाट भरून चालणं सुखाचं असतं, पण घंटी ऐकू आली की दोघंदोघं व्हावं; आणि हे करताना दोन इकडे, दोन तिकडे असं फुटू नये, सगळ्यांनी एकाच कडेला जावं. मध्ये मूल असेल तर ते हमखास दुसऱ्या बाजूच्या आईकडे धाव घेतं. कानात इअरफोन असतील तर एक कान मोकळा ठेवावा. कुत्र्याची दोरी आखूड धरावी. ब्रिटिश हायवे कोडमध्येही ते लिहून ठेवलं आहे. कुत्रा एका कडेला, मालक दुसऱ्या कडेला आणि मध्ये गुडघ्याच्या उंचीवर ताणलेली बारीक दोरी, ही संधिप्रकाशात सायकलस्वाराला दिसतही नाही.

एवढं सगळं करूनही काही वाटांवर भांडणं होतच राहतात, आणि तिथे माणसांच्या स्वभावाला दोष देणं अन्यायाचं आहे. जोडीने चालणाऱ्या दोघांना सव्वा मीटर लागतो. डुलणाऱ्या सायकलला मीटरभर. मध्ये थोडं अंतर धरलं की तीन मीटरची वाट भरली. समोरून दुसरी सायकल आली तर कोणीतरी थांबलंच पाहिजे. ब्रिटिश सरकारने २०२० मध्ये काढलेल्या सायकलमार्गांच्या मार्गदर्शिकेत सामायिक वाट किमान तीन मीटर आणि तासाला ३०० हून जास्त सायकली जात असतील तर साडेचार मीटर रुंद असावी असं म्हटलं आहे. शहरातल्या रस्त्यांवर तर सामायिक वाट हा शेवटचा पर्याय समजा, सायकलीला वाहन माना, तिची वाट वेगळी काढा, असा त्या मार्गदर्शिकेचा रोख आहे. जिथे दीड मीटरच्या फुटपाथवर निळा फलक ठोकून ‘घ्या, दोघांनी वापरा’ म्हटलं जातं, तिथे नगरपालिकेने आपलं काम नागरिकांच्या सौजन्यावर ढकललेलं असतं.

उलट उदाहरण ब्रिस्टल आणि बाथ या शहरांमधलं. तिथली बंद पडलेली रेल्वेलाइन १९७९ ते १९८६ या काळात, मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवकांच्या हातांनी, चालण्याची आणि सायकलींची वाट झाली. लांबी २१ किलोमीटर. आगगाडीसाठी केलेली वाट म्हणजे चढ-उतार सौम्य, वळणं लांबलचक, पुढचं दूरवर दिसणारं. माणसं एकमेकांना वेळेवर दिसतात. पण तिथेही ऑफिसच्या वेळेला गर्दी होते आणि वेगाच्या तक्रारी येतात. सोय चांगली झाली की माणसं वाढतात, माणसं वाढली की तीच वाट अपुरी पडते.

आपल्याकडे पुण्यात सायकलला पालिकेचा बिल्ला लागायचा त्या काळात सायकली रस्त्यावरच इतक्या होत्या की फुटपाथवर चढायची त्यांना गरज नव्हती. आता रस्ता मोटारींनी भरला आणि सायकलला कडेच्या ट्रॅकवर पाठवलं. त्या ट्रॅकवर चालणारी माणसं दिसली की सायकलस्वार चिडतात. पण जरा शेजारच्या फुटपाथकडे पाहावं: तिथे महावितरणचा डीपी असतो, उभ्या केलेल्या दुचाक्या असतात, वडापावची गाडी असते. आजींना चालायला जागा ट्रॅकवरच उरलेली असते. त्यांच्यावर घंटी वाजवून काय मिळणार? त्यांची आणि सायकलवाल्याची तक्रार एकच आहे, आणि ती वॉर्ड ऑफिसात एकत्र मांडली तर जास्त जोराने ऐकू जाईल.

खऱ्या अर्थाने सामायिक वाट पाहायची तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पहाटे जावं. दाराशी भाड्याने सायकली मिळतात, आणि कान्हेरीकडे चढत जाणाऱ्या त्या डांबरी रस्त्यावर रोज फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते. चढताना काही प्रश्न येत नाही. धापा टाकणारा सायकलवाला आणि भरभर चालणारे यांचा वेग जवळपास सारखाच असतो, ओळखही होते. परतीच्या उताराला मात्र पेडल न मारताही सायकल पळत सुटते, वळणापलीकडचं झाडीमुळे दिसत नाही, रस्त्यावर हरणं आणि माकडंही येतात. भाड्याची सायकल घेतलीत तर दाराशीच दोन्ही ब्रेक दाबून पाहा, आणि उताराला वळण येण्याआधी वेग उतरवा. वळणावर गेल्यावर ब्रेक मारला की मागचं चाक घसरतं. हँडलवर घंटी आहे का तेही बघा. नसेल तर लांबून आवाज द्यायचा.

रविवारी गटाने निघालेल्या सायकलस्वारांसाठी अजून एक सांगायचं राहिलं. चालणारा पहिल्या सायकलला वाट देतो, ती गेली की पुन्हा मूळ जागी येतो, आणि दुसरी सायकल नेमकी तेव्हाच त्याच्या खांद्याशी येते. गटातल्या बऱ्याच धडका अशाच होतात होतात म्हणता टळतात. म्हणून पुढच्याने ओलांडताना आकडा सांगायचा: ‘मागे अजून चौघं आहेत हं.’ आणि शेवटच्याने जाताना म्हणायचं: ‘झालं काका, मी शेवटचा.’